मापात पाप

आमच्या घरावर एक खोली चढवायची ठरली, आणि त्या दिवसापासून माझे मास्तरकीचे सारे वैभव गळून पडले. महाविद्यालयात मी सांगतो ते मुले निमूटपणे वहीत उतरवून घेतात. पण आमच्या मिस्त्रींसमोर मीच वही-पेन्सिल घेऊन उभा राहतो, आणि ते सांगतील ते निमूटपणे उतरवून घेतो. पहिल्याच दिवशी त्यांनी यादी सांगितली, "सर, चार सुताच्या वीस सळया, तीन सुताच्या पंधरा, वाळू दोन ब्रास, अन् पाइप पाऊण इंची."

सूत म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मराठीच्या प्राध्यापकाला 'सूत' ठाऊक नाही, असे गावभर झाले असते! मला ठाऊक असलेली सुते तीनच : एक चरख्यावरचे, दुसरे कर्णाच्या कुळाला चिकटलेले आणि तिसरे कोणाचे तरी कोणाशी जमते ते. यांपैकी एकानेही स्लॅब पडण्यावाचून राहील असे मला वाटेना. मी यादी खिशात घातली आणि दुकान गाठले.

आमचे जालना हे लोखंडाचे गाव. जुन्या काळी 'जालना सोने का पालना' म्हणत. आता त्या पाळण्याशेजारी सळयांच्या भट्ट्या उभ्या आहेत. त्यामुळे निदान या एका मालासाठी आम्हाला परगावी जावे लागत नाही. दुकानदाराने माझी यादी वाचली आणि बिल लिहिले. त्यात सूत कुठेच नव्हते. 'बारा मिलिमीटर', 'दहा मिलिमीटर', आणि दर किलोचा! मग त्यानेच माझ्या चेहऱ्याकडे पाहून खुलासा केला. एका इंचाचे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे हिशोबाने 12.7 मिलिमीटर. पण सळई निघते ती 12 मिलिमीटरची. मिस्त्री तिला चार सूत म्हणतो, दुकानदार बाराची म्हणतो, आणि दोघांचे एकमेकांशी कधी भांडण होत नाही. लांबीचेही तेच. मिस्त्री सळईला 'चाळीस फुटी' म्हणतात. ती असते 12 मीटर, म्हणजे 39 फूट 4 इंच.

"मग उरलेले आठ इंच कुठे गेले?" मी घरी येऊन मिस्त्रींना विचारले.

"ते बोलण्यात गेले, सर," मिस्त्री म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

त्या वाक्याने मला जागे केले. आपण दिवसभरात किती मापांतून उड्या मारीत असतो, हे मी त्या दिवसापासून पाहू लागलो. सकाळी दूध येते लिटरने. धाकट्याला ताप आला तर आमच्या घरात तो 'एकशे दोन' असतो. पण त्याच दिवशी जालन्याचे ऊन बेचाळीस असते. पोराच्या अंगात फॅरनहाइट आणि अंगणात सेल्सिअस! ऊन एकशेआठ अंश आहे असे कोणी सांगितले तर आम्ही घाबरू, आणि ताप एकोणचाळीस आहे म्हटले तर निश्चिंतपणे झोपी जाऊ. वधूची उंची पाच फूट तीन इंच, वजन मात्र किलोत. कापड मीटरने घ्यायचे आणि शिंप्याने छाती इंचांत मोजायची. नऊवारीचे नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर; पण 'सव्वाआठमीटरी' नेसून लग्नात मिरवलेली बाई मी तरी अजून पाहिली नाही.

सरकारनेच ही सवय मोडायची ठरवली त्याला आता साठ-पासष्ट वर्षे उलटून गेली. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे जाऊन शंभर 'नवे पैसे' झाले. 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने शेर आणि मण हटवून किलोग्रॅम आणण्यात आला. पुढे 1964 साली पैशाचे नवेपणही सरकारने काढून घेतले. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे फ्रान्समधल्या पंडितांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरवले होते. ते माप असे फिरत फिरत आमच्या मोंढ्यापर्यंत येऊन पोहोचले.

आमच्या भागातल्या लोकांना खरे तर अशा बदलांचे नावीन्य नव्हते. आम्ही निजामाच्या राज्यातले. 1948 च्या सप्टेंबरात ते राज्य गेले, तोवर इथे हैदराबादचा हाली रुपया चाले आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार. माझ्या आजीला शाळेचे तोंड ठाऊक नव्हते. पण हालीचे कलदार ती चुलीपुढे बसून, भाकरी न करपवता करून देत असे, असे वडील सांगत. वडील स्वतः नव्या पैशाच्या जमान्यात शाळेत गेले. तरी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी त्यांच्या तोंडात पक्की बसलेली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ज्या जगात सारे काही चार-आठ-सोळाने वाटले जाई, त्या जगात या पाढ्यांवाचून बाजार करता येत नसे. दशमान आले आणि हे सारे पाठांतर एका टिंबाने निकामी केले. मुलांचे कल्याण झाले यात शंकाच नाही. माझ्यासारख्या गणितात कच्च्या माणसाचे तर फारच झाले.

आजीने मात्र किलोला अखेरपर्यंत घरात घेतले नाही. ऐंशी तोळ्यांचा शेर तिला ठाऊक होता. किलो त्याच्याहून पावणेसहा तोळ्यांनी मोठा, म्हणजे खरे तर तिचा फायदाच होता. पण धान्य तोलायचे असते हेच तिला मान्य नव्हते. धान्य मापायचे असते. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, आणि चार शेरांची पायली. गावोगावची पायली थोडी वेगळी. बारा कोसांवर भाषा बदलते तशी तीही बदले. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावातल्या घरी पितळेची एक पायली होती. आजी पायलीभर ज्वारी घेई, तिच्यावर आणखी ओंजळ ओती, आणि धान्याचा टोकदार ढीग काठाबाहेर घरंगळेपर्यंत थांबे. त्या ढिगाला 'शीग' म्हणतात. शिगेचे माप घालायचे ते देताना. सपाट घालायचे ते लबाडाने, असा तिचा दंडक. आणि पहिल्या मापाला ती 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन, चार.

किलोला शीग नसते. काटा पन्नासावर थांबला की पन्नास. त्यातून शीग काढायची तर ती एक्कावन्न होते, आणि एक्कावन्नाचे पैसे होतात.

वर्गात शिकवताना मला ही मापे रोज भेटतात. सरकारी हुकमाने ती बाजारातून गेली आणि सरळ येऊन भाषेत राहिली. आपण सोळा आणे खरे बोलतो, पै-पैचा हिशोब ठेवतो, कोणाची प्रकृती तोळामासा असते, कोणाला अक्कल गुंजभरही नसते. मागे एकदा मी मुलांना 'शेरास सव्वाशेर' या म्हणीचा अर्थ विचारला. एक हुशार मुलगी उठून म्हणाली, "सर, सिंहाला त्याच्यापेक्षा थोडा मोठा सिंह भेटणे." सगळा वर्ग गंभीर होता. मीही हसलो नाही. कारण अर्थ तिने अचूक सांगितला होता, फक्त तराजू बदलून!

आणि भाषेलाच कशाला नावे ठेवायची? ज्या सरकारने मीटर आणला त्याला तरी सूत, ब्रास कुठे सोडवले आहेत? वाळू आजही सरकारदरबारी ब्रासनेच मोजतात; ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आमच्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात पिकाची आणेवारी लागते. तिचे नाव बदलून पैसेवारी झाले, ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई समजतात. पण पारावर बसलेला म्हातारा 'आणेवारी किती लागली?' असेच विचारतो. एका मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस पडला की कागदावर अतिवृष्टी होते. शेतकऱ्याच्या लेखी तो अडीच इंच असतो. ज्या जायकवाडीवर जालना शहराची तहान अवलंबून आहे, तिथले पाणी वर्तमानपत्रात टीएमसीत येते आणि पाटबंधाऱ्याच्या तक्त्यात दशलक्ष घनमीटरांत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे 28.3 दशलक्ष घनमीटर. नळाला पाणी मात्र दोन्ही हिशोबांनी उशिराच येते.

सोन्याची तर आणखी गंमत. आजीच्या पाटल्या 'चार तोळ्यांच्या' म्हणून घरात प्रसिद्ध होत्या. आजी गेल्यानंतर आईने त्या सराफाकडे तोलल्या, तर तो म्हणाला, "बाई, साडेचारच्या वर भरतात!" आईच्या डोळ्यांत पाणी आले. सासूबाईंचा हात देता होता, मेल्यावरही सोने वाढले, असे तिला वाटले. खरी गोष्ट एवढीच, की जुना तोळा 11.66 ग्रॅमचा आणि आताच्या पेढीवरचा 10 ग्रॅमचा. सोने तेवढेच होते. तोळा बारीक झाला होता. पण ते मी आईला सांगितले नाही. तिच्या आनंदातून दीड-दीड ग्रॅम कापून घेण्यात काय अर्थ होता?

त्याच वेळी मी सावध व्हायला हवे होते. माप बदलल्याने सोने न वाढता वाढते, तर एखादी वस्तू न घटता घटतही असेल, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. 'मापात पाप' करायला माणूस लबाड असावा लागतो, अशीच माझी समजूत होती. नुसता बेसावध असून चालतो, हे मला पुढे कळले.

वडील गेले. आई आधीच गेली होती. आम्ही दोघे भाऊ. दादा गावी शेती पाहतो, मी इथे मुलांना म्हणी समजावून सांगतो. जमीन बारा एकर. दादा म्हणाला, "सहा तू, सहा मी. धुऱ्यावरचं चिंचेचं झाड दोघांचं." अशी आमची वाटणी ओसरीवर बसून चहाच्या एका कपात झाली. कागद मी लिहायचा, हे ओघानेच आले. घरात शिकलेला मी.

आता जमीन आमच्या तोंडात एकर-गुंठ्यांत असते आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. आमच्या सातबाऱ्यांची बेरीज होती 4 हेक्टर 86 आर. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे मला पाठ होते. आणि आर म्हणजे सरकारी भाषेतला गुंठा, हे सारे गाव म्हणते, तसे मीही मानीत होतो. तेव्हा मी झोकदार अक्षरात लिहिले : दादाकडे सहा एकर, म्हणजे 2 हेक्टर 40 आर, उर्वरित धाकट्या भावाकडे. दादाने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि सही केली. गुढीपाडव्याचा दुसरा दिवस होता तो. पुढे पेरण्या, पाऊस, माझ्या परीक्षा यांत तहसिलीत जायचे राहून गेले.

त्या वैशाखात दादाकडून नेहमीसारखे ज्वारीचे पोते आले. दरवर्षी पोत्याबरोबर एका जुन्या धडप्यात बांधलेले गाठोडे येत असे. आजीच्या पितळी पायलीने मापून घातलेली वरची पायली. यंदा गाठोडे नव्हते. हिने काट्यावर पाहिले तर पोते बरोबर पन्नास किलो. "यंदा पायली नाही वाटतं," ही म्हणाली. "पीक कमी असेल," मी म्हणालो आणि उत्तरपत्रिका तपासायला बसलो.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. पाडव्याच्या दुपारी माझा पुतण्या तो कागद आणि मोबाइल घेऊन बसला होता. तो बारावीला आहे आणि कशालाच भीत नाही.

"काका," तो म्हणाला, "चार हेक्टर शह्याऐंशीमधून दोन हेक्टर चाळीस गेले, तर तुमच्याकडं दोन हेक्टर शेहेचाळीस उरतात. सहा आर जास्त."

मी हसून म्हणालो, "अरे, असं कसं होईल? सहा सहा एकर आहेत."

त्याने मला शिकवायला घेतले. गुंठा म्हणजे तेहतीस फुटांचा चौरस, 1089 चौरस फूट. आर म्हणजे दहा मीटरांचा चौरस, सुमारे 1076 चौरस फूट. दोहोंत फरक तेरा चौरस फुटांचा, एक चटई पसरायला लागेल एवढा. पण एकरात चाळीस चटया बसतात! म्हणून एकर म्हणजे चाळीस आर नव्हेत, जवळजवळ साडेचाळीस. सहा एकरांचे होतात 2 हेक्टर 43 आर. दादाचे तीन आर मी माझ्याकडे ओढले होते. दोघांच्या वाट्यांत सहा आरांचे अंतर पडले होते. शिवाय साधी वजाबाकी केली असती तरी कळले असते. ती मी केली नव्हती.

1999 साली मंगळाकडे निघालेले अमेरिकेचे एक यान अशाच घोटाळ्यात नष्ट झाले, हे मी वाचले होते. एका गटाने आकडे पौंडांच्या मापात दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. त्याआधी 1983 साली कॅनडात एका विमानात इंधन भरताना किलोऐवजी पौंड धरले गेले आणि ते आकाशातच कोरडे पडले. वैमानिकाच्या कौशल्याने ते तरंगत जमिनीवर उतरले आणि माणसे वाचली. एरवी या गोष्टींचा मला धीर वाटला असता. एवढे मोठे तज्ज्ञ चुकतात, मी तर मराठीचा मास्तर! पण त्या घडीला मला फक्त ते न आलेले गाठोडे आठवत होते.

दादा गोठ्यात होता. मी जाऊन त्याला सगळे सांगितले. तो वैरण टाकीत राहिला.

"मला त्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

तो थांबला. हात झटकले. "काय बोलू? तू शिकलेला माणूस. कागद तुझ्या हातचा. विचारलं असतं तर दोनातलं एक निघालं असतं. एक तर तुला हिशोब येत नाही, नाहीतर तू लबाड. मला दोन्ही नको होतं."

सात महिने हा माणूस हे मनात घेऊन हिंडत होता! पेरणी करताना, धुऱ्यावरून जाताना, त्या चिंचेखाली बसताना. सहा आर जमिनीचे त्याला काही नव्हते. मागितली असती तर त्याने साठ आर दिली असती आणि वर शीग घातली असती. पण न विचारता काठावरून बोट फिरवून सपाट केलेले माप त्याला सोसले नव्हते. आणि माझ्यावर तसा आळ मनातल्या मनात घेणेही त्याला सोसवत नव्हते. त्या दोहोंच्या मध्ये तो गप्प बसून राहिला होता. चूक माझी तीन आरांची. तिचे ओझे त्याने वाहिले ते कोणत्या मापाने मोजायचे?

"मला हिशोब येत नाही, दादा," मी म्हणालो. एवढे सोपे वाक्य उच्चारायला मला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

"ते दिसलंच की," दादा म्हणाला, आणि त्या दिवाळीत पहिल्यांदा हसला.

कागद पुन्हा लिहिला. या वेळी आकडे पुतण्याने घातले, 2 हेक्टर 43 आर, 2 हेक्टर 43 आर. मी फक्त शुद्धलेखन तपासले. बेरीज दोनदा करून पाहिली. सह्या झाल्या. मीटर-हेक्टरांविरुद्ध माझी कधीच तक्रार नव्हती, आणि आता तर मुळीच नाही. आजीची पायली गावागणिक बदलत असे; आर जालन्यात आणि पॅरिसमध्ये तेवढाच असतो. त्यानेच माझी चूक पकडून दिली. जुने माप तोंडात आणि नवे कागदावर, असे ठेवून मधल्या जागेत जे निसटते ते नेहमी मिस्त्री म्हणाले तसे 'बोलण्यात' जाते असे नाही. कधी कधी ते न बोलण्यात जाते. आठ इंचांची गोष्ट वेगळी, भावाची वेगळी.

आमची वरची खोली पुरी झाली. स्लॅब पक्का आहे. चार सुताचा की बारा मिलिमीटरचा, ते त्यालाच ठाऊक. यंदाच्या वैशाखात गावाकडून ज्वारीचे पोते आले. जीपवाल्याने ते ओसरीवर टाकले आणि मग पुढच्या सीटवरून काढून एक धडप्याचे गाठोडे हिच्या हातात दिले. हिने ते उचलून पाहिले.

"पायली म्हणजे किती किलो हो?" हिने विचारले.

एकदा तोंड पोळल्यामुळे मी आता रूपांतरे करीत नाही.

"दादाला विचारून सांगतो," मी म्हणालो.